कारण विचारू नये

आमच्या वसतिगृहात तिला सगळे 'दुरुस्ती' म्हणतात. हे नाव पडलं पहिल्याच बैठकीत. विद्यार्थी परिषदेवर नुकतीच निवडून आली होती. विषयपत्रिकेवर 'वसतिगृह : दुरुस्ती' एवढंच वाचलं आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधला निखळलेला नळ टॉवेलात गुंडाळून हिनं थेट कुलसचिवांच्या टेबलावर ठेवला. दुरुस्ती नियमांची होती. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मी तिथली रेक्टर, गंभीर राहणं माझं काम, पण मलाही हसू आवरेना. कुलसचिव सभ्य माणूस. त्यांनी समजावलं, की इथे आपण नळ नाही, नियम दुरुस्त करतो. ती जराही ओशाळली नाही.

"मग नियम बिघडलाय हे कळतं कसं, सर?" तिनं विचारलं.

पुढचा विषय घेतला गेला.

प्रतिनिधी मी ढिगानं पाहिलेत. मतं मागताना गोड गोड बोलतात, निवडून आल्यावर ओळखही देत नाहीत. ही मात्र वेगळीच निघाली. संध्याकाळी फाटक लवकर बंद होतं अशी तक्रार आली, तर ही आठवडाभर रोज बंद फाटकाबाहेर जाऊन उभी. प्रयोगशाळेतून उशिरा येणाऱ्या मुली तिथं ताटकळत काय बोलतात, ते ऐकत. मी आत किल्ली घेऊन धुमसत होते. हा काय पोरखेळ, असं विचारलं, तर म्हणाली, नियम बाहेरच्या बाजूनं कसा दिसतो ते बघतेय. माझा राग तिथंच निम्मा झाला. अशी नजर या वयात येते कुठून, मला अजून कळलेलं नाही.

मग आला सुटीचा नियम. मोठ्या सुटीत वसतिगृह बंद. सगळ्यांनी घरी जायचं, खोलीची किल्ली माझ्याकडे द्यायची. वर्षानुवर्षं असंच चाललंय, मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मागच्या सुटीच्या दिवशी दुरुस्ती दारात थांबून मुलींच्या बॅगा रिक्षात चढवत होती आणि जिला तिला विचारत होती, कुठं निघालीस.

पुढच्या बैठकीत ती उभी राहिली आणि तिनं सांगितलं, की आपल्यातल्या एका मुलीला जायला घरच नाही. दर सुटीत ती रेक्टरांच्या खिडकीत हसून किल्ली देते, घरी चालले म्हणते आणि कधी या मैत्रिणीकडे, कधी त्या ओळखीच्यांकडे दिवस काढते. आता पुन्हा कुणाकडे जायला तोंड उरलं नाही. पुढच्या सुटीआधी ती शिक्षणच सोडणार आहे.

किल्ली मीच तर घेत होते. ही स्वतःचीच कहाणी सांगतेय का, अशी शंकाही आली. पण हिचे आईवडील दर रविवारी न चुकता भेटायला येतात आणि भिंतीच्या ओलीवरून आई मलाच फैलावर घेते. तेव्हा ती शंका टिकेना.

कुलसचिवांनी लगेच पेन काढलं. नाव सांग, आत्ताच्या आत्ता खास परवानगी देतो, म्हणाले. प्रश्न मिटला असं वाटून मी चष्मा काढला.

"नाव नाही देणार, सर," दुरुस्ती म्हणाली. "परवानगी दिलीत की ती परवानगीवाली होईल. सगळ्या गेल्या की मागं कोण उरलं, ते सगळे बघतील. इतकी वर्षं ती जे लपवतेय, तेच आपण दारावर लिहिल्यासारखं होईल."

तिची दुरुस्ती एवढीच होती : सुटीत जिला राहायचे असेल तिने राहावे. कारण विचारू नये.

मग जो तो तुटून पडला. वीज, पहारेकरी, स्वयंपाकघर. नावाशिवाय विश्वास कसा ठेवायचा, असं एका प्राध्यापकांनी विचारलं. परिषदेचा अध्यक्ष तिच्याच बाजूचा, पण तोही कानाशी लागून म्हणत होता, मिळतेय ती परवानगी घे. मलाही तेच वाटत होतं. हातातोंडाशी आलेला घास ही पोरगी घालवणार. तिचा आवाज मात्र खाली येत नव्हता.

शेवटी कुलसचिव माझ्याकडे वळले. रेक्टर सुटीत थांबणार असतील तरच हे जमेल, म्हणाले. दुरुस्तीनं मला आधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आताही ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्यावर भार नको म्हणून ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. दर सुटीत मी भावाकडे जाते, हे वसतिगृहात सगळ्यांना ठाऊक. वहिनी वाईट नाही, फक्त चपला काढायच्या आत परतीचं विचारते.

"थांबेन," मी म्हणाले.

नियम बदलला. या सुटीत बऱ्याच जणी राहिल्या. कुणी परीक्षेसाठी, कुणी बापाशी भांडून, कुणी नुसतीच मजा म्हणून. आई रुसली तरी दुरुस्तीही राहिली. जेवताना मी एकेकीचा चेहरा चोरून न्याहाळायचे. सगळ्या सारख्याच खिदळत होत्या, सारख्याच भाजीला नावं ठेवत होत्या. ती कुठली, काही केल्या ओळखू येईना. ज्या मुलीसाठी एवढं केलं, तिला या पोरीनं गर्दीत असं मिसळून टाकलं होतं, की मी थक्क झाले.

तरी स्वभावाला औषध नाही. एका दुपारी आम्ही दोघी बटाटे सोलत बसलो होतो. मी हळूच विचारलं, आता तरी सांग, ती कोण?

तिनं मान वर केली नाही. "मॅडम, या सुटीत तुम्ही भावाकडे गेला नाहीत. मी विचारलं का?"

माझे डोळे भरून आले. समोर बटाटेच होते, त्यामुळे कांद्याचं निमित्तही सांगता येईना. तिनं तेही विचारलं नाही.