भिंतीवर चिकटवलेलं हलतं चित्र

अकरा जुलै, सोमवार. सकाळी मेल गेला की दुपारी दुकानदारांना फोन करून "मिळाला का, उघडला का" विचारायचं, हे माझं ठरलेलं काम. चौथा फोन नांदगाव खंडेश्वरच्या सलीमभाईंना लावला. त्यांचं तिथे कृषी केंद्र आहे.

"मिळाला न मॅडम. प्रिंट काढून काउंटरवर लावला बी. पण मले एक सांगा, तुमच्या चित्रातला बुवा उघड्या हातानं औषध ढवळून राहिला अन् वरून हसून राहिला. कंपनी आता असंच करा म्हणते का?"

मी म्हटलं, "तो फक्त सुरुवातीला तसा दिसतो. पुढे हातमोजे घालतो."

"कागदावर कुठून घालन तो?"

"तो कागद आधी काढा, सलीमभाई," मी म्हटलं.

मी पुण्याच्या एका मार्केटिंग एजन्सीसाठी अमरावतीतून काम करायची. आधी इथे आम्ही सहा जण होतो. लागोपाठ हंगाम बुडाले, कंपन्यांनी जाहिरातीत हात आखडता घेतला आणि एजन्सीने इथलं ऑफिस बंद केलं. पाच जण पुण्याला गेले. वऱ्हाडातल्या दुकानदारांशी बोलायला इथलं कुणीतरी हवं म्हणून मला ठेवलं. लॅपटॉप, मोबाइल आणि माझं घर, एवढंच ऑफिस. घरात मी एकटीच. काही दिवस असे जायचे की तोंडातून पहिला शब्द दुपारच्या फोनवरच निघायचा.

हा मेल एका कीटकनाशक कंपनीचा होता. अमरावती आणि अकोल्याकडच्या दोनशेच्या आसपास कृषी केंद्रांना 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून, म्हणजे उलट उत्तर देता येत नाही अशा पत्त्यावरून, गेला होता. फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात पोचत होती, म्हणून सुरक्षित फवारणी कशी करायची हे सांगायचं होतं. दुकानदाराने वाचावं आणि गिऱ्हाइकाला सांगावं, हा हेतू.

त्यात मी जीआयएफ टाकली होती. जीआयएफ म्हणजे चार-पाच चित्रं एकामागून एक दाखवणारी छोटी फाइल. त्यातल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. माझ्या पहिल्या फ्रेममध्ये माणूस उघड्या हाताने, तोंड न बांधता औषध ढवळतो. दुसरीत त्याच्यावर लाल फुली येते. मग तो हातमोजे, मास्क, चष्मा घालतो. चूक आधी दाखवली की माणूस थांबून बघतो, ही माझीच कल्पना. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'फवारणीची योग्य पद्धत'.

कागदावर फक्त पहिली फ्रेम येते. बऱ्याच दुकानांत मेल आउटलुक या जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडतात, तिथेही तेवढीच दिसते, पुढे काही हलत नाही. म्हणजे 'योग्य पद्धत' या मथळ्याखाली उघड्या हातांचा हसरा माणूस. आणि आमच्याकडचा दुकानदार कंपनीचा मेल वाचून सोडत नाही. प्रिंट काढतो आणि भिंतीला लावतो. हे मला ठाऊक होतं.

मग आधी कळलं कसं नाही? मेल पाठवण्यापूर्वी टेस्ट मेल जातो, आणि तो दुसऱ्याच्या मशीनवर बघायचा असतो. पूर्वी शेजारच्या टेबलावरची वंदना तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडायची आणि चुका काढायची. आता टेस्टच्या यादीत तीन पत्ते होते. तिन्ही माझेच. तिन्हीकडे चित्र छान हललं.

पुण्याला बॉसला फोन केला. निखिल माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

"कुंदाताई, ओपन रेट मस्त आलाय, भरपूर जणांनी मेल उघडलाय. कशाला गाजावाजा? शुक्रवारी करेक्शन मेल टाकू. क्लायंटचं अप्रूव्हल लागेल."

"शुक्रवारपर्यंत फवारण्या होतील, निखिल."

"इतकं कोण बघतं ते चित्र?"

"सलीमभाईंनी बघितलं."

मी फोन ठेवला.

गेलेला मेल परत बोलावता येत नाही. पण चित्र मेलमध्ये नसतं, सर्व्हरवर असतं. मी त्याच नावाने नवी फाइल चढवली, पहिल्याच फ्रेममध्ये हातमोजे आणि मास्क घातलेला माणूस. यापुढे मेल उघडणाऱ्याला बहुधा तीच दिसणार होती. छापलेल्या कागदांना इलाज एकच, फोन. मेल उघडलेल्यांची यादी घेतली आणि बसले.

"मी कुंदा बोलते, अमरावतीहून. तो फवारणीचा मेल मी पाठवला होता."

अकोटचे एक दुकानदार म्हणाले, "अस्सं! त्या नो-रिप्लायवाल्या बाई तुमीच का? आमाले वाटे मशीनच पाठवते."

"मशीन नाही, मीच. कागद काढा आधी."

"काढला. च्या घ्यायले या कधी."

संध्याकाळी सातपर्यंत आवाज बसला. एक सोडून सगळे लागले. उरले चांदूर रेल्वेचे वानखडे. फोन बंद. मेल तीनदा उघडलेला दिसत होता.

मंगळवारी सकाळी पहिल्या एसटीने चांदूर रेल्वेला गेले. वानखडे दुकान झाडत होते. कागद दारातच होता, लॅमिनेशन करून.

"मोबाइल पान्यात पडला, मॅडम. कागद पाह्यला का? काल सारेच पाहून गेले."

"फवारायला कोण गेलंय?"

"माह्याच वावरात दोघं गेले न आता."

मी कागद काढला. काउंटरवरचे हातमोजे आणि मास्क घेतले. "गाडी काढा," म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मोटारसायकल काढली.

वावरात दोघं मजूर होते. एकाने कोपरापर्यंत हात बादलीत घातला होता. मी बांधावरूनच ओरडले.

"कावून?" तो म्हणाला. "दुकानात तर असंच लावलं हाय."

"ते चुकीचं आहे. मीच पाठवलंय."

साबणाने हात धुवायला लावले. मग मोजे, मास्क.

"यानं जीव घाबरते, बाई," दुसरा म्हणाला.

"ऊन चढायच्या आत आटपा. मग काढा."

पहिली फ्रेम एकटीच दिसली तरी तिने बरोबर तेच सांगितलं पाहिजे, हा धडा मी पुढे एजन्सीत सगळ्यांना शिकवला. त्या सकाळी मात्र वानखडेंना दुकानात परत पाठवलं, आणि त्या दोघांचा पंप रिकामा होईपर्यंत वाऱ्याची दिशा बघून बांधावर बसून राहिले. घरी जायची घाई नव्हती.