हळदीच्या आदल्या दुपारचा माहितीपट

माझी एक खोड आहे. सामाजिक विषयावरचा चांगला माहितीपट बघितला की तो माझ्या एकटीच्या पोटात राहत नाही. नात्यातल्या ग्रुपवर टाकते, वर फोन करून विचारते, बघितला का? धरणात गेलेली गावं झाली, गटारात उतरणारी माणसं झाली. भाऊबंद लगेच जोडलेले हात पाठवतात आणि बघत कुणीच नाही. माय म्हणते, "तुझं पाठवणं म्हंजे डाक्टरचं पथ्य. समदे व्हय म्हणतात, पाळत कुणी न्हाई."

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र मी हट्टालाच पेटले. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनीनं एकटीनं शेत सांभाळलं, दर साली हळद काढली, शिजवली, वाळवून वसमतला विकली. पण विधवेनं नवरीला हळद लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. वहिनी मला एकदाच म्हणाली, "ताई, माझ्या लेकराला एक बोट तरी लावू द्या म्हणावं."

हळदीच्या आदल्या दुपारी बाया तांदूळ निवडायला जमल्या, तेव्हा मी टीव्हीवर विधवांवरचा एक माहितीपट लावून दिला. कुठल्या तरी लांबच्या मुलखातल्या बाया, शुभकार्यात कोपऱ्यात बसवलेल्या. सगळ्यांचे हात थांबले. चुलती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कसली दगडाची माणसं बाई. आपल्याकडं न्हाई असं." आणि वहिनी तेव्हा तिच्याच हातात चहाचा कप देत होती! कुणाला काही वाटलं नाही. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. माय तेवढी तेच ते तांदूळ सुपात इकडून तिकडं करत होती.

दुसऱ्या दिवशी भाची पाटावर बसली. हळद वहिनीनंच कालवलेली, आणि वहिनी आत स्वयंपाकघराच्या दारात. सुवासिनींना हाका सुरू झाल्या तशी माय उठली, सुनेचं मनगट धरलं आणि तिला पाटापाशी घेऊन आली.

"लाव," म्हणाली.

"आक्का, काहून असं करून राहिल्या?" चुलती म्हणाली. "पोरीचं चांगलं होऊ द्या."

"आईच्या हातानं वाईट व्हतंय व्हय?" मायनं माझ्याकडं बोट केलं. "हिच्या लग्नाआधी हिचा बाप गेला. हिला तुमी समद्यांनी हळद लावली. मी मागं चुलीपाशी पोळ्या लाटत बसले."

मला हे ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी माय कुठं होती, हे मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

वहिनीनं लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि दोघी मायलेकी एकमेकींना धरून रडल्या. मलाही रडू आवरेना. मायनं वाटीत बोटं बुडवली. मला वाटलं आता नातीला लावील, तर ती माझ्याकडं वळली.

"हलू नको," म्हणाली, आणि माझ्या पिकल्या केसांच्या कानशिलापासून हनुवटीपर्यंत हळद लावली.