कागदावरचं वय

एमआरआय विभागात तिला सगळे 'हलूनकाबाई' म्हणत. एकतीस वर्षं पेशंटला तेच एक वाक्य सांगणाऱ्या बाईला दुसरं काय नाव पडणार? स्वभावही तसाच, एकदा ठरवलं की जागची हलायची नाही.

त्या सकाळी यंत्रात तिचा थोरला भाऊ होता. गेलं वर्षभर दादा एकच गोष्ट दोनदा सांगायचा, गॅस चालू ठेवून निघून जायचा. स्मरणशक्तीच्या चाचणीत तो जेमतेम काठावर राहिला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मेंदूचं मोजमाप मागवलं. आठवणी सांभाळणारा भाग केवढा उरलाय हे संगणक मोजतो आणि पेशंटला त्याच्याच वयाच्या शंभर निरोगी माणसांच्या रांगेत उभं करतो. शेवटच्या पाचांत आला, तर अल्झायमरचा संशय बळावतो.

दादा शेवटून तेरावा आला.

"वयाच्या मानाने ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्षभराने परत बघू."

तिचा जीव भांड्यात पडला. मग पडद्याच्या कोपऱ्यातलं वय तिला दिसलं: बहात्तर. ओळखपत्र बघून, रोजच्या सवयीने, तिनेच ते टाकलं होतं.

बहात्तर साफ खोटं होतं. वडील गेले तेव्हा दादा तेरा वर्षांचा. मामाने खटपट करून त्याला कागदावर अठराचा केला आणि कारखान्यात चिकटवला. त्या पगारावर घर चाललं, ही शिकली. पुढचे सगळे कागद त्याच तारखेचे. "माझी पाच वर्षं मामाने गिळली," असं म्हणून दादा जन्मभर हसत आला होता.

तो कपडे बदलून शर्टाची बटणं लावत होता.

"दादा, तुझं खरं वय किती रे?"

"बहात्तर. कार्डावर आहे की."

"अरे, खरं विचारतेय."

"मग बहात्तर काय खोटंय?" तो चिडलाच.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि एक वर्ष घरात सुखाचं गेलं असतं. पण औषधाचा काय तो उपयोग सुरुवातीलाच होतो, हे तिने याच खोलीत शेकडो वेळा ऐकलं होतं.

ती आत डॉक्टरीणबाईंकडे गेली. "बाई, वय चुकलंय. सदुसष्ट करा."

"नक्की?"

"सख्खा भाऊ आहे माझा."

संगणकाने दादाला तरुण रांगेत उभं केलं. शेवटून चौथा.

दादा बाहेर बाकावर बसला होता. "काय गं, पास झालो ना?"

निकाल डॉक्टरांनीच सांगायचा, हा नियम तिने कधी मोडला नव्हता. ती त्याच्या शेजारी बसली.

"नाही दादा. पास झाला होतास. मीच आत जाऊन सांगितलं, तू पाच वर्षांनी लहान आहेस म्हणून."

"मी? लहान?"

"तेराचा होतास, अठराचा झालास. आमच्यासाठी."

दादाने बराच वेळ आठवून पाहिलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

"असेल. तुला आठवतंय ना? मग झालं तर."