तुमचं देवक कोणतं?

"उतरव आधी तो बोर्ड!" मल्हारीअण्णा ओरडले आणि हातातली काठी त्यांनी आमच्या मांडवाच्या बांबूवर हाणली.

मी चहा तसाच टाकून तिकडे पळालो. सीमाभागातल्या हुमनाबादच्या शाळेचं पटांगण. आमचा रोपांचा मेळा नुकताच उघडला होता. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा सामाजिक वनीकरणात फॉरेस्टर होतो आणि नर्सरी माझ्याकडे होती.

मेळा सरकारी नव्हता. आपल्या भागातली झाडं लोकांनी ओळखावीत, विकत न्यावीत, दारात आणि बांधावर लावावीत, ही कल्पना शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या देशपांडे बाईंची. शिक्षक, भजनी मंडळातल्या बायका, दोन निवृत्त कारकून असे सगळे हौसेनं राबत होते. पगार कुणालाच नाही, चहा मात्र भरपूर. रोपं माझ्या नर्सरीतली: सौंदड म्हणजे शमी, उंबर, आपटा, कळंब, जांभूळ, बेल. वर्षभर पिशव्यांत लेकरासारखी वाढवली होती.

पण जीव टांगणीला लागला होता. गुलबर्ग्याचे आमचे साहेब निलगिरीचे भक्त. ते म्हणाले होते, "देशी रोपं कोण नेतंय? करा मेळा. रोपं उरली तर पुढचा इंडेंट सगळा निलगिरीचा." इंडेंट म्हणजे पुढच्या वर्षी नर्सरीत काय वाढवायचं याची मागणी. म्हणजे आज रोपं खपली नाहीत तर माझे देशी वाफे बंद. वर निलगिरीची एक भरलेली ट्रॉलीही त्यांनी मेळ्यात उभी करायला लावली होती, आणि संध्याकाळी स्वतः येणार होते.

सकाळपासून एक रोप हललं नव्हतं. लोक यायचे, बघायचे, हसायचे. "बांधावरचं झाड इकत कोन घेतंय वो?" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. त्यात हे मल्हारीअण्णा.

अण्णा जवळच्या दुबलगुंडी गावचे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे, अण्णा शेती करायचे. माणूस मोठा, शब्दाला वजन. ते फिरले की निम्मा बाजार फिरायचा.

"अण्णा, झालं काय?"

"काय झालं म्हनून इचारायलास? सौंदड आमचं देवक हाय. त्येला सरपन कामून म्हनायलास?"

मी वर पाहिलं. खात्याच्या पद्धतीप्रमाणे आम्ही रोपांचे तीन गट केले होते: चारा, लाकूड, सरपण. सौंदडाचं लाकूड झकास जळतं. म्हणून ते 'सरपण' या बोर्डाखाली बसलं होतं.

देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नाआधी त्याची डहाळी वाजतगाजत घरी आणतात, तिची पूजा करतात. एरवी त्या झाडाला त्या कुळातला माणूस कुऱ्हाड लावत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण ऑफिसात बसून बोर्ड रंगवताना देवक कुणाला आठवतंय?

"चला रं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. माणसं फाटकाकडे वळायला लागली.

तेवढ्यात देशपांडे बाई आल्या. त्यांनी खुर्ची ओढली, पदर खोचला, वर चढल्या आणि बोर्ड स्वतःच्या हातानं काढला.

"चुकलंच आमचं, अण्णा. पण एक सांगा, तुमच्या गावात सौंदड ऱ्हायलंय का?"

अण्णांचा आवाज खाली आला. "कुठलं, बाई? शेवटचं व्हतं ते रस्त्यात गेलं. दिवाळीमागं पुतनीचं लगीन हाय. डहाळी कुठनं आनावी, त्योच घोर लागलाय."

"मग डहाळी कामून? झाडच न्या की मुळासकट!"

अण्णा खाली बसले. एका रोपाची बारीक पानं बोटांनी चाचपली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन दे."

बाईंना तेवढं पुरे होतं. "सगळे बोर्ड काढा," त्यांनी फर्मान सोडलं. "गट मोडा. आलेल्या प्रत्येकाला एकच विचारायचं. तुमचं देवक कोणतं?"

पुढं जे झालं ते आठवलं की आजही मी एकटाच हसतो. देवक माहीत नाही असं घर नव्हतं आणि आपलं झाड जवळ आहे असं घर विरळ. काहींचं देवक पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पानं. ते पाच-पाच रोपं न्यायचे. असलं गिऱ्हाईक देव सगळ्यांना देवो! कळंबाच्या रांगेत दोन अनोळखी घरं भेटली. एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही, त्यामुळे व्याह्यांच्या मानपानाचा विषयच नाही. नुसत्या गप्पा रंगल्या. भजनी मंडळाच्या अक्कांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांना हळदकुंकू लावायला सुरुवात केली. मग अण्णांनीच मुद्दा काढला, "देवक वाजंत्रीबिगर घरी जातंय व्हय?" हलगीवाले आले. रोपं डोक्यावर घेऊन माणसं नाचत फाटकाबाहेर पडायला लागली.

हायवेवर लॉरी लावून ड्रायव्हर रफीकभाई बघायला आले. अण्णांची त्यांची जुनी ओळख. "अण्णा, हमारा कुछ नहीं क्या?" त्यांनी विचारलं.

"तू माझा दोस्त न्हवं? माझ्यातलं एक घे," अण्णा म्हणाले आणि दुसरं सौंदड त्यांच्या हातात दिलं. रफीकभाईंनी ते केबिनमध्ये स्वतःच्या शेजारी ठेवलं आणि हॉर्न वाजवत गेले.

साहेबांची जीप आली तेव्हा मांडवात ओली माती आणि हळदीचे डाग एवढंच शिल्लक होतं.

"रोपं कुठायत?" साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं.

"लोकांच्या घरी, साहेब."

"आणि ही ट्रॉली भरलेली कशी?"

उत्तर अण्णांनी सरळ कन्नडमध्येच देऊन टाकलं, "साहेब, हिला इथं कुळच नाही. कोण नेणार?"

साहेब हसले नाहीत. मला बाजूला घेऊन गेले. आता बोलणी खायची म्हणून मी तयार झालो.

"आमच्या गावाकडंही असतं हे," ते हळूच म्हणाले. "कन्नडमध्ये कुळाला बळी म्हणतात. आमच्या बळीचं झाड अत्ती. म्हणजे तुमचं उंबर. एखादं उरलंय का?"

"नाही साहेब. पंचपालवीवाल्यांनी सगळी नेली."

साहेबांनी रिकाम्या मांडवावर नजर फिरवली. "मग पुढच्या इंडेंटमध्ये घाला."

"किती?"

"निलगिरीला जेवढी जागा ठेवली होती, तेवढी."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. झाड कशाला उपयोगी पडतं हे लोकांना सांगत बसायचं नाही. आधी ते त्यांचं कोण लागतं, ते विचारायचं.

निलगिरीची ट्रॉली त्या संध्याकाळी मीच परत नेली. तिच्यापुढं हलगी नव्हती.