बाबलीची जागा

संध्याकाळी पर्यटकांच्या होड्या वाळूवर ओढल्या गेल्या, की दत्ताराम आजोबा पडवीत येऊन बसत. क्लॅरिनेटची पत्ती तोंडात धरून ओली करत, ती बसवत आणि वाजवायला लागत. थोडं वाजवून मध्येच थांबत. खाडीच्या मुखाकडे बघत. मग कुणी काही विचारल्यावर उत्तर द्यावं, तसा पुढचा सूर उचलत. पुन्हा थांबत.

"वय झालं, विसरतात बिचारे," होमस्टेतले पाहुणे म्हणत. आजोबांची नात अक्षया, तिलाही तसंच वाटे.

तरुणपणी आजोबा लग्नाच्या बँडमध्ये होते. देवबागचाच बाबली त्यांच्या शेजारी उभा राहून ट्रम्पेट वाजवायचा, एरवी मासेमारी. एकदा वेंगुर्ल्याला एका ख्रिस्ती घरच्या लग्नात वरात पोचवून दोघे मागल्या दारी जेवायला बसले. मांडवात गोव्याचे दोन म्हातारे वाजवत होते. एकाने सॅक्सोफोनवर सूर काढला आणि अर्ध्यावर सोडून दिला. दुसऱ्याने तो उचलून भलत्याच वाटेने नेला आणि पुन्हा पहिल्याच्या दारात आणून ठेवला. जेवायला बसलेल्या दोघांचे उष्टे हात वाळून गेले तरी कोणी उठेना. ह्याला जॅझ म्हणतात, असं वाढप्याने सांगितलं.

"ह्येंचो सराव झालेलो नाय," बाबली म्हणाला, "म्हणान नाव दिल्यानी जॅझ!"

पण दुसऱ्या दिवशी ट्रम्पेट घेऊन तोच आधी पडवीत हजर झाला. त्यानंतर रोज संध्याकाळी एक सोडायचा, दुसरा उचलायचा. एका वादळात बाबलीची होडी मुखाशी उलटी मिळाली. बाबली मिळाला नाही. आजोबा त्याच्यासाठी जागा सोडून वाजवत राहिले.

अक्षयाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने होमस्टेच्या जाहिरातीसाठी आजोबांचं वाजवणं फोनवर घेतलं, मधली शांतता कापून सलग केलं आणि फोन भरला म्हणून मूळचं पुसून टाकलं. पावसाळ्यात आजोबांना दम लागू लागला. डॉक्टरांनी क्लॅरिनेट बंद केलं. करमावं म्हणून तिने त्यांना ते ऐकवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "बाबलीक खंय घालवलंस गो?"

"आजोबा, मी फक्त मोकळी जागा कापली."

"मोकळी? म्हाळाचा पान वाडलंय, आणि कावळो येवच्याआधी तूच जेवलंस!"

मग त्यांनी तिला वेंगुर्ल्यापासून सगळं सांगितलं. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तिने स्वतःचा फोन कठड्यावर रेकॉर्डिंगला लावला आणि बाबांच्या फोनवर आजोबांचं वाजवणं तुकड्यातुकड्याने लावू लागली. जिथे कापलं होतं तिथे थांबायची. आजोबा मुखाकडे बघत, बोटाने गुडघ्यावर ताल धरत. बाबलीचं झालं की बोट वर करत. मग पुढचा तुकडा. मधल्या जागांत लाटा आल्या, झावळ्या वाजल्या, एक होडी फटफटत गेली. एकदा आजोबा हसले. कशाला, ते तिने विचारलं नाही.

शेवटच्या जागेला बोट वर आलंच नाही. त्यांचा चहा कधीच पिऊन झाला होता. तिच्या कपावर साय धरली होती. ती वाट बघत राहिली. अंगणात कुणी चालत आल्यासारखी वाळू वाजली. तिने मान वळवली नाही.

त्याच आठवड्यात आजोबांना ओरोसच्या रुग्णालयात नेलं. तिथे तोंडावर मास्क होता. ते नुसते बघत. तिथून ते परत आले नाहीत.

अक्षया रोज पडवीत बसून त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावते. आता कुठेच काही कापत नाही. शेवटची जागा येते. लाटा, वाळू, बराच वेळ काही नाही. मग त्या बाबलीच्या जागेत आजोबांचा आवाज येतो, अगदी जवळून:

"चाय निवली मगे गो. पी ती."