चपला घालून पानमळ्यात

ये, कागदावर का होईना, पण जवळ सरकून बस. परवा फोनवर विचारलं तर म्हणालीस, "काही नाही मावशी, नेहमीचंच." नेहमीचंच म्हणे! पाळी आली की ऑफिसला दांडी मारायची, पोटाशी उशी धरून पडायचं आणि घरी सांगायचं डोकं दुखतंय. तुझ्या आईला काय कळत नाही होय? तिनेच सांगितलं मला. मोठी शहाणी लागून गेलीस. आता मधे बोलू नकोस, ऐक.

हे "नेहमीचंच" आमच्या घरात फार दिवस चाललं. माझी सून साताऱ्याकडची. लग्नात बघितलीस ना, कशी टुणटुणीत होती. मुलगा बोईसरच्या कारखान्यात शिफ्टने कामाला, आणि आम्ही दोघी इथे घिवलीत चिकूची वाडी आणि तो एवढासा पानमळा सांभाळायचो. सोबतीला माझ्या मोठ्या जाऊबाई. घर वेगळं, पण पानमळा सामाईक.

पानमळ्याची रीत तुला ठाऊक आहे. चपला बाहेर काढायच्या, आणि पाळीतल्या बाईने आत पाऊल टाकायचं नाही. वेल सुकते म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे कुणाची पाळी आली हे वेगळं सांगावं लागत नाही. पानं खुडायला कोण आलं नाही ते बघायचं, झालं. सून आली नाही की जाऊबाई कुंपणापलीकडून ओरडायच्या, "आली का गो तुझ्या सुनेची सुट्टी? आमी पण बायकाच हाव. आमी नाय कवा लोळलो! एक पोर झाला का सगला थांबते."

पोर काही होत नव्हतं. दुखणं मात्र दर महिन्याला वाढत होतं. मी ओव्याचं पाणी दे, वीट गरम करून फडक्यात गुंडाळून दे, असं करत राहायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं तिला. मग ओठ चावून पुन्हा कामाला लागायची.

त्या दिवशी सकाळी पानं खुडायची होती. संध्याकाळी पालघरहून गाडी यायची होती, आणि मजूर बायका लग्नाला गेलेल्या. मी पडवीत पानांच्या चळती लावत होते. सून मळ्यात खुडत होती. मधूनच तिचं ते गुणगुणणं यायचं कानावर. ते थांबलं. मी हाक मारली, ओ नाही. पुन्हा मारली. मग टोपली पडल्याचा आवाज आला.

मळ्याच्या फाटकाशी जाऊन बघते तर वेलींच्या दोन ओळींमध्ये आडवी पडलेली, गुडघे पोटात, चेहरा राखेसारखा, आणि साडीला डाग.

जाऊबाई माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. "अगो, ही तशी आत गेली? भायेर काढा तिला आदी! वेली जातील सगल्या!"

"वहिनी, ती शुद्धीवर आहे का ते तरी बघू द्या."

"चपला काढ! चपला काढ तू!"

मी चपलांसकट आत गेले. खरं सांगते, पायात काय आहे ते मला बाहेर आल्यावर कळलं. सुनेने माझा हात असा धरला की बांगडी पिचली. म्हणाली, "आई, मी नाटक नाही करत."

त्या अवस्थेत हे सुचलं तिला! दुखतंय म्हणाली नाही, डॉक्टर म्हणाली नाही.

शेजाऱ्याची रिक्षा घेऊन बोईसर गाठलं. रस्त्यात ती दोनदा ओकली. मला वाटत होतं, आत काही फुटलं असेल तर? रेल्वे फाटक तेवढ्यात बंद. मालगाडी संपता संपेना. तिचा हात थंड पडत चाललेला आणि मी रिकामी बडबड करत होते, चिकूच्या भावाची, कशाची.

डॉक्टरबाईंनी आधी सलाईन लावलं, दुखणं उतरू दिलं, मग तिच्याशी बोलल्या. दुखतं कधीपासून? पाळीच्या आधीच सुरू होतं का? संडासला बसताना? नवऱ्याजवळ जाताना? सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, मी बाहेर जाऊ का? ती म्हणाली, "नको. ऐका तुम्ही." आणि एकेक "हो" म्हणत गेली. मी खुर्चीच्या कडेला बसून ऐकलं.

सोनोग्राफी झाली. बाई म्हणाल्या, पाळीत गर्भाशय आवळतं, म्हणून थोडं दुखतं. तेवढ्याला शेक, हलकं चालणं, आणि डॉक्टरने सांगितलेली गोळी पुरते. ती गोळीही काही खाऊन, कळ सुरू होताच घ्यायची. ही काय करायची? जीव जायची वेळ आली की उपाशीपोटी गिळायची. पण हिचं तेवढंच नव्हतं. गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेरही वाढलेलं, आणि एका अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ. नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेला येत नाही. मूल न राहण्याचं कारणही हेच असू शकतं म्हणाल्या. सून रडायला लागली. मी धीर द्यायला गेले, तर म्हणते, "आई, बरं वाटतंय. याला नाव आहे."

उपाय म्हणून आधी गोळ्या, काही महिने पाळीच थांबवणाऱ्या. गाठ बघत राहायची, लागलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन. मुलाचा विचार त्यानंतर.

इथे खरी लढाई पेटली. कारण आठवड्याभरात, ती पडली होती त्याच ओळीतल्या चार-पाच वेली पिवळ्या पडल्या. जाऊबाई माझ्या मुलाला घेऊन गेल्या दाखवायला. "बघ. आणि आता पाली बंद करायच्या गोल्या? वंश बुडवता काय? हिला म्हायेरी धाड, भटाला बोलवून मल्याची शांती कर, मग बघू."

मुलगा घरी आला, जेवला नाही. बायकोला म्हणाला, "काकू म्हणतात तर थांबूया का जरा? एखाद महिना?"

सून भांडी विसळत होती. हात न पुसताच वळली. "थांबूया. पुढच्या महिन्यात मी पडले की कोण उचलणार? तुम्ही शिफ्टला असाल. काकू तर फाटकाच्या आत येणार नाहीत."

मला वाटलं, आता हा चिडतो की काय. तो उठला, गोळ्यांचं पाकीट तिच्या हातावर ठेवलं आणि पाण्याचा तांब्या भरून आणला.

वेलींपैकी दोन गेल्या, बाकीच्या फुटल्या. का गेल्या, का फुटल्या, मी सांगू शकत नाही. दरवर्षी काही जातातच. जाऊबाई अजून माझ्याशी मोजकंच बोलतात, पण कुंपणावरून ओरडणं थांबलंय. सुनेचं दुखणं पुष्कळ उतरलंय, गेलेलं नाही. गाठ आहे तेवढीच आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायचंय, ऑपरेशन करायचं की नाही ते तेव्हा ठरेल.

म्हणून तुला विचारते. तुझं पाळीच्या आधीपासून दुखतं का? दर वर्षी वाढतंय का? मला फोनवर सांगू नकोस, तिथे तू खोटं बोलतेस. सुनेला दाखवायच्या तारखेलाच तुलाही नेते. सून म्हणाली आहे, "तिला आत माझ्याबरोबर बसू दे, मला काय काय विचारलं ते मी तिला सांगते." बोईसरला उतर, मुलगा न्यायला येईल. चिकू काढलेत, पेंढ्यात घालून ठेवते तुझ्यासाठी. पिकले की टिकत नाहीत गं, लवकर ये.