भिकूदादांचा टोला

"आरं, गोळा मारतोस का म्हैस हाकतोस?" भिकूदादा ओरडले. तोवर माझा पांढरा गोळा टेबलावरून उडून खिडकीबाहेर गेला होता. बाहेर उभी असलेली मालगाडी त्याच्या धक्क्याने पार भिवपुरीपर्यंत मागे सरकली, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. कोणी आक्षेप घेतलेला नाही.

कर्जत स्टेशनामागे रेल्वेच्या नोकरांसाठी एक खोली होती आणि तिच्यात साहेबलोकांनी टाकून दिलेलं बिलियर्ड्सचं टेबल. हिरव्या कापडाला ठिगळं इतकी, की मूळचं कापड कोणतं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. उतार थेट खोपोलीकडे. लढाईच्या दिवसांत नवं कापड देणार कोण? मी तिकीटबाबू, अंगात जोर मावत नसे. भिकूदादा कुंभिवलीचे, अंगाने काठीसारखेच, आणि बँकरचे ड्रायव्हर. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला कर्जतला जादा इंजिन लावतात, तो बँकर. उभ्या गाडीला ते मागून आणून टेकवायचं. जोरात टेकलं तर आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर जातात. दादांची पाळी असली की शेवटच्या डब्यातला गार्ड मुद्दाम बशीत काठोकाठ चहा ओतून बसायचा. इंजिन टेकायचं, आणि चहावरची सायसुद्धा हलायची नाही. यात माझी भर फक्त सायीची.

खेळातही तेच. रंगीत गोळा भोकात पडला की आम्ही टाळ्या पिटायचो. दादांची नजर पांढऱ्यावर, तो कुठे थांबतो त्यावर. टोल्याआधी ते कापडावर बोट ठेवत आणि गोळा बोटाखालीच येऊन उभा राही. "भोकात घालतो रं कुनीबी," ते म्हणत. "पांढरा कुठं थांबवायचा ते आदी ठरव, मग काठी उचल." मी काठी खांद्यापर्यंत मागे ओढली की माझं कोपर धरत. "हळू मारायचंय तर काठीच थोडी मागं घे. लांब न्यायची आन् मग मधीच भिऊन हात आकडायचा, हे कुनी शिकवलं तुला?"

एका संध्याकाळी दादांनी साधा टोला मारला. रंगीत गोळा पडला. पांढरा मात्र बोटाच्या खुणेवर थांबला नाही, वीतभर पुढे गेला. दादांनी दोन्ही गोळे होते तिथे मांडले, तोच टोला पुन्हा मारला. पुन्हा वीतभर पुढे. त्यांनी उजवा हात उघडून पाहिला, मिटला, पुन्हा उघडला.

"दादा, हवा दमट आहे. कापड ओलसर झालंय," मी म्हणालो.

"कापड वलं आसंल तर गोळा कमी जातो, वामन. जास्त नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि साहेबापुढे जाऊन सांगितलं, मला इंजिनावरून उतरवा. साहेब हसला. तक्रार एक नाही, पेन्शन तोंडावर आलेली. उतरलं तर पगार निम्मा, क्वार्टर जाणार. बाहेर आल्यावर मी दादांची बाही धरली. "अजून कुणाला धक्का बसलाय का?"

"आजून," दादा म्हणाले आणि बाही सोडवून घेतली.

मग शेडमध्ये कंदील पुसायचं काम मिळालं. उजव्या हाताला काच पेलेनाशी झाली तेव्हा तेही सोडून ते कुंभिवलीला गेले. तो हात लुळा पडला, मग सगळी उजवी बाजू. स्वातंत्र्य आलं त्यानंतरच्या थंडीत दादा वारले.

दहाव्याला अंगणात बरीच मंडळी जमली होती. मी दादांच्या गोष्टी सांगत होतो. कुंभिवलीत रात्री घाटातल्या इंजिनाची शिटी ऐकू येते. मी सांगितलं, शिटी झाली की दादा अंथरुणात उठून बसत, लुळा हात डाव्या हाताने उचलून पुढे धरत, जणू हँडलच, आणि गाडी घाट चढेपर्यंत डोळ्यांतून धारा लागत. म्हातारे उपरण्याने डोळे टिपू लागले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळलो. "होय ना वहिनी? शिटी झाली की उठून बसायचे?"

"नाय भावजी," वहिनी म्हणाल्या. "झोपलेले आसायचे."